पॉपलरच्या पोटातली लाल कोर

१

त्या दुपारी वारा होता, पण झाड पाडील असा नव्हता. दोरीवरचे कपडे फडफडले, कुणाच्या तरी खिडकीचं दार आपटलं, एवढाच. आणि वृक्षसंशोधन संस्थेच्या वसाहतीच्या अंगणात इतकी वर्षं निमूट उभा असलेला पॉपलर माणसाच्या डोक्याच्या जरा वर कडाडून मोडला, तो थेट कपडे काढत असलेल्या किल्लीकाकांच्या अंगावर आला.

किल्लीकाका म्हणजे संस्थेचे स्टोअरकीपर. कंबरेला किल्ल्यांचा जुडगा. चालले की गळ्यात घंटा बांधलेल्या बैलासारखा आवाज यायचा, म्हणून धाकट्याथोरल्यांनी हेच नाव ठेवलं होतं. जीव वाचला, पण उजवा पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला.

झाड कुणी पाडत नसतं, ते पडतं. पण सरकारी संस्थेत पडलेल्या झाडालाही एक धनी लागतो. तो सापडायला वेळ लागला नाही. महिन्यापूर्वी माळीदादांनी त्याच अंगणात पाण्याच्या नळासाठी चर खणला होता. मुळं तोडली असतील, दुसरं काय? संचालकांनी त्यांना घरी बसवलं, पोलिसांना तसं कळवलं, आणि कागदावर एका तज्ज्ञाची सही असावी म्हणून भिंगमावशींना बोलावणं धाडलं.

भिंगमावशींची सगळी हयात लाकूड तपासण्यात गेली होती. मोडलेल्या शिड्या, कोसळलेल्या परांच्या, तळ फुटलेल्या होड्या. गळ्यात चष्म्याऐवजी भिंग लोंबायचं. निवृत्त झाल्या तरी कोर्टाची बोलावणी थांबली नव्हती. कामात त्या पक्क्या होत्या, पण काम संपल्यावर त्यांना कधीच बरं वाटत नसे. एकदा एका रंगाऱ्याच्या मृत्यूचं मूळ त्याच्या सख्ख्या भावानं बनवलेल्या शिडीत निघालं होतं. मावशींनी खरं तेच सांगितलं. त्या भावानं पुन्हा रंधा हातात धरला नाही, हे त्यांना नंतर कळलं, आणि ते मनातून कधी गेलं नाही.

"मावशी, तुम्ही फक्त बघून घ्या," संचालक म्हणाले. "प्रकरण तसं सरळ आहे."

"बघून घ्यायला आले की बघायला?" मावशींनी विचारलं. "दोन्हींत फरक असतो."

संचालक हसले. पण मावशी अंगणात पोचायच्या आतच प्रकरणाचं सरळपण संपलं होतं. कारण तिथे तीन माणसं, एकमेकांपासून लांब लांब, त्यांची वाट बघत उभी होती, आणि तिघांनाही एकच गोष्ट सांगायची होती.

२

पहिले माळीदादा. हातात टोपी, नजर जमिनीत.

"मीच केलं बाई. चर खणताना एक जाड मूळ लागलं. वळसा घालायचा कंटाळा केला. कुऱ्हाड घातली. काकांचा पाय माझ्या कुऱ्हाडीनं तुटला, असंच समजा."

दुसरे धाकटे डॉक्टर. प्रयोगशाळेत नव्यानं लागलेला पोरगेला शास्त्रज्ञ. मावशींना बाजूला घेऊन तो हलक्या आवाजात म्हणाला, "माळीदादांना सोडा. मी मागच्या महिन्यात या झाडाला गिरमिट मारलं होतं. लाकडाचा नमुना हवा होता. भोक बुजवायचं राहून गेलं. त्यातून कीड गेली असणार."

"नमुना याच झाडाचा का? तुमच्या प्रयोगाची झाडं तर तिकडे कुंपणात आहेत."

तो गडबडला. "साधं झाड हवं होतं. तुलनेला."

"मग काय दिसलं?"

"बघायचं राहिलं," तो म्हणाला, आणि खाली बघत बुटानं माती उकरू लागला.

तिसऱ्या काकू. किल्लीकाकांच्या पत्नी. हॉस्पिटलात न्यायचा डबा हातातच होता. त्यांचं म्हणणं सगळ्यांत लहान होतं.

"ते वर्तमानपत्र वाचत बसले होते. मी म्हटलं, वारा सुटलाय, तेवढे कपडे काढून आणा. रोज मीच काढते. त्या दिवशी माझे हात कणकेत होते."

"काकू, ह्यात तुमची काय चूक?"

"चूक नाही कशी? मी पाठवलं म्हणून ते गेले."

एरवी चौकशीत माणसं एकमेकांकडे बोट दाखवतात, त्यांना वर्षानुवर्षं तेच बघायची सवय. इथे जो तो आपलंच मनगट पुढे करत होता. एका झाडाला तीन धनी. आणि ज्यांचा इथल्या झाडांशी सगळ्यांत जवळचा संबंध, त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम मात्र आल्या नव्हत्या. वरच्या मजल्यावरच्या त्यांच्या खिडकीचा पडदा हलला आणि पुन्हा जागच्या जागी झाला.

३

मावशींनी आधी खुंट बघितला. तो जमिनीत घट्ट होता. चराच्या बाजूला माती उकरून घेतली. माळीदादांनी तोडलेलं मूळ सापडलं, पण बाकीची मुळं धडधाकट होती. मुळं कमकुवत असती तर झाड मुळासकट उपटलं असतं. हे खोडात मोडलं होतं.

"दादा, तुमच्या कुऱ्हाडीचा ह्यात काही संबंध नाही," त्या म्हणाल्या. माळीदादांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि पुन्हा काढून हातात घेतली. सुटका झाली हे त्यांना पटायला वेळ लागत होता.

मग गिरमिटाचं भोक. ते कंबरेच्या उंचीला होतं, तुटलेली जागा त्याच्या बरीच वर. भोकाच्या कडेला ना कीड, ना कूज. धाकट्या डॉक्टरांचाही कबुलीजबाब रद्द.

मग मावशींनी करवतवाल्याकडून तुटक्या टोकाखालची एक चकती कापून घेतली. ती उन्हात धरली आणि भिंग लावायच्या आधीच थबकल्या.

पॉपलरचं लाकूड फिकट पांढरं असतं, सोललेल्या बटाट्यासारखं. मधला गाभा तसाच होता. पण बाहेरच्या वर्षांच्या वलयांत एका बाजूला लालसर तपकिरी रंग चढला होता. चकतीभर नव्हे, एकाच अंगाला, चंद्राच्या कोरीसारखा. त्या कोरीच्या मध्ये एक बारीक पांढरी पट्टी, पट्टीपलीकडे पुन्हा लाल, आणि सालीलगत परत पांढरं.

त्यांनी नखानं दाबून बघितलं. पांढरं लाकूड टणक, लाल त्या मानानं मऊ. वारा वसाहतीच्या घरांकडून आला, त्या बाजूच्या लाकडाला ताण बसला, आणि ताण सोसायचं नेमकं तिथलंच लाकूड कच्चं निघालं.

हा रोग नव्हता. बुरशीचा डाग असा वलयं धरून चालत नाही. आणि ही लाली मावशींना ओळखीची होती. सकाळीच, फाटकातून येताना, तारेच्या कुंपणामागे प्रयोगाची झाडं तोडून रचली होती. त्या ओंडक्यांची साल निघाली होती, आणि आतून ते असेच लाल होते.

म्हणजे अंगणातलं झाड साधं नव्हतंच. मावशी चकती काखेत मारून मॅडमच्या जिन्याकडे निघाल्या.

४

मॅडमनी दार उघडलं. टेबलावर चहा निवून त्यावर साय धरली होती. मावशींनी चकती समोर ठेवली. मॅडमनी ती उजेडाकडे तिरकी केली.

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "म्हणून खाली यायचं धैर्य झालं नाही."

"मला लाकूड कळतं, त्याच्या आतली तुमची विद्या कळत नाही. साध्या भाषेत सांगा."

मॅडम शिकवायला लागल्या की त्यांचा आवाज बदलत असे. तो आताही जरा स्थिरावला.

"लाकूड ताठ राहतं ते लिग्निनमुळे. विटांमध्ये सिमेंट असावं तसं पेशींच्या भिंतींत ते भरलेलं असतं. झाड ते एका दमात बनवत नाही. एका पदार्थाचा दुसरा, दुसऱ्याचा तिसरा, अशी साखळी असते. प्रत्येक पायरीवर एक विकर काम करतं, म्हणजे एन्झाइम. अगदी शेवटच्या पायरीवरचं जे विकर आहे, त्याच्या जनुकावर मी आयुष्य घालवलं. ते जनुक मंदावलं की शेवटची पायरी अडते. अर्धवट तयार झालेला माल तसाच भिंतीत बसतो, आणि त्याचाच रंग लाल. असं लाकूड मऊ पडतं. कागदाचा लगदा करायला उत्तम. रसायनं कमी लागतात, नदीत घाण कमी जाते."

"आणि झाड उभं राहायला?"

"तीच तर अडचण. झाड शहाणं असतं. वारा लागला की ते लिग्निनचं काम आपणहून वाढवतं, स्वतःला टणक करतं. जनुक कायमचं बंद केलं तर बिचाऱ्याला ते जमणार नाही. म्हणून आम्ही त्याला एक बटण लावलं. झाड एरवी अगदी साध्या झाडासारखं वाढावं, आणि तोडायच्या आधी काही काळ बटण दाबून ते जनुक मंद करावं."

"अंगणातल्या झाडाला ते बटण कसं आलं?"

मॅडमनी थंड चहाचा कप उगाच सरकवला. "पहिल्या वर्षीची काही रोपं उरली होती. उरलेली जाळून टाकायची, असा नियम आहे. माझ्यानं जाळवेना. हातानं वाढवली होती. वसाहत नवी होती, अंगण उघडंबोडकं. मी विचार केला, बटण दाबल्याशिवाय हे साधंच झाड. चार रोपं लावली. कुणाला सांगितलं नाही."

"म्हणजे अजून तीन उभी आहेत."

"हो."

"आणि बटण कशानं दाबता?"

मॅडमनी मान वर केली. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला.

"स्पिरिटनं, मावशी. पाण्यात थोडं मिसळून मुळाशी घालायचं. साध्या शब्दांत सांगायचं तर, दारूनं."

५

झाडाला कुणीतरी दारू पाजली होती. तीही एकदा नव्हे, वर्षानुवर्षं.

बातमी फुटायला जिना उतरायचीही गरज पडली नाही. संचालकांना कळलं, आणि त्यांचं डोकं भलत्या दिशेनं भरधाव सुटलं. "प्रयोगाचं स्पिरिट कुणाच्या ताब्यात असतं? स्टोअरकीपरच्या. मावशी, आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला म्हणतात तो असा."

मावशी धाकट्या डॉक्टरांना शोधत गेल्या. तो हातमोजे न काढताच खुर्चीत बसला होता.

"तुमचा नमुना लाल निघाला होता ना? बघायचं राहिलं म्हणालात ते खोटं."

त्यानं मान हलवली. "लाल निघाला. मला वाटलं, मॅडम गुपचूप बाहेरच्या झाडावर प्रयोग करताहेत. मी गप्प बसलो. मॅडमनी मला नोकरीला घेतलंय. त्या दिवशी तोंड उघडलं असतं तर झाड तोडलं असतं, आणि काका..."

तिकडे गिरमिटाचं भोक दिसल्यापासून मॅडमना वाटत होतं, हा उतावळा पोरगा आपल्या नकळत काहीतरी करतोय. दोघं एकमेकांवर संशय धरून एकाच टेबलावर काम करत होते, आणि एकमेकांची लाज राखत होते.

मावशी अंगणात आल्या, खुंटावर चकती ठेवली, झाड उभं असताना होती तशी फिरवून बसवली, आणि तिच्याकडे बघत राहिल्या.

धाकटे डॉक्टर लागले गेल्या वर्षी. लाली त्याहून जुनी. तो नव्हे. प्रयोगाच्या झाडांना स्पिरिट देताना खोडाभोवती गोल आळं करतात, सगळीकडून सारखं घालतात, म्हणून ते ओंडके चहूबाजूंनी लाल होते, आणि सलग लाल, मध्ये खंड नाही. शास्त्रज्ञाचा हात असा असतो. हा हात तसा नव्हता. झाडात एका बाजूच्या मुळांनी प्यालेलं पाणी बहुतेक त्याच बाजूनं वर चढतं. म्हणजे ओतणारं माणूस दर वेळी झाडाच्या एकाच अंगाला उभं राहत होतं. बाजू बदलावी असं त्याला कधी वाटलं नाही, कारण प्रयोग त्याच्या मनातच नव्हता.

आणि ती पांढरी पट्टी. काही काळ ओतणं थांबलं होतं. मग पुन्हा सुरू झालं. आणि आता वर्षभरापूर्वी कायमचं बंद झालं. असा चढउतार प्रयोगात नसतो. तो घरात असतो.

मावशी कोरीच्या मधोमध, ओतणारं माणूस उभं राहत असेल तिथे जाऊन उभ्या राहिल्या, आणि पाठ फिरवून बघितलं. समोर एक दार होतं. स्वयंपाकघराचं मागचं दार. उंबऱ्यावर घासलेली भांडी पालथी घातलेली होती.

ते दार किल्लीकाकांच्या घराचं होतं.

६

काकूंनी चहा टाकला. साखर किती, विचारलं. घरात दुसरं कुणी नव्हतं. खुंटीवर काकांचा जुडगा लटकला होता.

मावशींनी चौकशीचं काहीच विचारलं नाही. काकांची तब्येत विचारली, जखम, झोप. मग सहज म्हणाल्या, "एवढं सोसतायत म्हणजे मूळची प्रकृती चांगली असणार."

"आता चांगली," काकू म्हणाल्या. "मध्ये काय दिवस काढलेत, माझं मला ठाऊक. त्यांचा पाठचा भाऊ गेला आणि हे बाटलीला लागले. कामावर कधी घेतली नाही, पण घरी आले की सुरू. मग माझ्या थोरल्या दिरांनी नेलं त्यांना. तिथे डॉक्टर चांगला होता. उन्हाळाभर तिकडेच होते. परत आले, जरा दिवस बरे गेले, आणि पुन्हा तेच."

पांढरी पट्टी. मावशींनी कप बशीत ठेवला.

"मग सुटली कशी?"

काकूंच्या थकलेल्या चेहऱ्यावर किंचित अभिमान आला. "मी सोडवली म्हणाना. माझ्या जावेनं मला युक्ती सांगितली होती, पहिल्यापासून तेच करत आले. दुपारी हे कामावर असले की बाटलीतली निम्मी काढायची, तेवढंच पाणी घालायचं. भांडणतंटा नको, फोडाफोडी नको. हळूहळू पाणी वाढवत नेलं. शेवटी शेवटी नुसता वास उरला होता. गेल्या वर्षी एक दिवस म्हणाले, आता नको."

"आणि काढलेली?"

हा प्रश्न विचारायची खरं तर गरज नव्हती.

"मोरीत टाकली तर घरभर वास सुटायचा, त्यांच्या लगेच ध्यानात आलं असतं. म्हणून मागे झाडाच्या बुडाशी."

काकू सहज बोलून गेल्या. चाळलेल्या पिठाचा कोंडा कुठे टाकला, हे सांगावं तसं. मग त्यांचे डोळे भरून आले. "एवढं करून वाचवलं, आणि शेवटी मीच कपडे काढायला पाठवलं."

मावशींनी तोंड उघडलं. रंगाऱ्याचा भाऊ डोळ्यांसमोर येऊन उभा राहिला. त्यांनी उरलेला चहा एका घोटात प्यायला, काकूंच्या खांद्यावर हात ठेवला, आणि काही न सांगता निघून आल्या. ज्या बाईच्या चुलीवरचा चहा प्यायला, तिच्याशीच लबाडी केल्यासारखं त्यांना वाटत राहिलं.

आता अहवाल लिहायचा होता. खरं लिहिलं तर काकू मोडणार. नाही लिहिलं तर संचालक कुणाचं ना कुणाचं नाव घालणार, आणि सगळ्यांत सोयीचं नाव माळीदादांचंच होतं.

७

"काकांचं म्हणणं ऐकल्याशिवाय मी सही करणार नाही," असं मावशींनी कळवलं. म्हणून तिसऱ्या दिवशी दुपारी भेटायच्या वेळेत सगळे हॉस्पिटलात जमले. किल्लीकाका उशीला टेकून बसले होते. चादर उजवीकडे सपाट होती, आणि तिकडे न बघण्यासाठी प्रत्येक जण भिंतीकडे बघत होता. काकू पायथ्याशी स्टुलावर.

मावशींनी चकती काढली आणि एकेक गोष्ट सांगितली. मुळं का नव्हेत. भोक का नव्हे. लाली कशाची. मॅडमनी तिथेच, सगळ्यांदेखत, रोपांची हकिगत सांगितली. मग मावशी म्हणाल्या, "मुळाशी दारू पडत राहिली. म्हणून एक अंग कच्चं राहिलं. वाऱ्यात ताण आला तो नेमका त्याच अंगावर. एवढं माझ्या सहीनं जाईल. ओतणाऱ्याला ह्यातलं काही ठाऊक असणं शक्य नव्हतं."

"पण ओतली कुणी?" संचालक म्हणाले. "ते अहवालात यायला हवं."

खोलीत दुसऱ्या खाटेवरच्या रोग्याचा श्वास ऐकू येत होता.

"मी," किल्लीकाका म्हणाले.

सगळ्यांनी वळून बघितलं.

"माझी दारू, मीच ओतली. सोडायचा प्रयत्न करत होतो. निम्मी प्यायची, निम्मी ओतायची. थोरल्या भावाकडे गेलो तेव्हा अर्थातच बंद होती. लिहा तसं. माझ्यामुळे माझाच पाय गेला, तक्रार कुणाची नाही."

पुराव्याला ते नीट बसत होतं. पट्टी, बाजू, दार, सगळं. संचालकांनी सुटकेचा श्वास सोडला. मावशींनी पेनचं टोपण काढलं, आणि त्यांना ठाऊक होतं की त्या खोट्यावर सही करणार आहेत.

"खोटं बोलू नका," काकू म्हणाल्या. त्या उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी चकती मावशींच्या हातातून घेतली आणि लाल कोरीवरून अंगठा फिरवला. "मी ओतली. रोज. हे मी केलंय होय?"

मग त्यांनी काकांकडे हात केला.

"ह्यांना माहीतच नव्हतं, बाटलीत पाणी आहे ते."

"माहीत होतं," काका म्हणाले. "चाळीस वर्षं बाटल्या, डबे, पिंपं मोजतोय. माझ्या घरची बाटली फिकी झालेली मला कळणार नाही? एकदा लवकर आलो होतो. तू झाडापाशी ओणवी होतीस. मी तसाच परत फिरलो आणि चकरा मारून नेहमीच्या वेळेला आलो. मला स्वतःहून सोडायची हिंमत नव्हती. तू सोडवतेयस तर सोडवू दे, म्हटलं. तेव्हा पुढे होऊन तुझा हात धरला असता, तर मोरीतच टाकली असतीस."

"मी पाय घेतला तुमचा."

"तू ओतलीस म्हणून मी ह्या खाटेवर आहे," काका म्हणाले. "नाहीतर केव्हाच भिंतीवरच्या फोटोत असतो."

काकूंना ते ऐकू आलं की नाही, कळलं नाही. त्या मॅडमकडे बघत होत्या. रागानं नव्हे, काहीतरी आठवल्यासारखं.

"मॅडम, तुम्ही एकदा त्या वाटेनं जात होता. मी पातेलं रिकामं करत होते. वास येईल म्हणून मी घाबरले. तुम्ही हसून म्हणालात, घालत जा, झाडाला बरं असतं."

मॅडमनी दोन्ही हातांनी खाटेची दांडी धरली. "मला वाटलं, तांदळाचं धुवण आहे," त्या म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या.

अहवाल गेला. त्यात मॅडमनी स्वतःच्या हातानं स्वतःचं नाव घातलं. माळीदादा कामावर परतले, आणि त्यांना पहिलं काम मिळालं ते उरलेली तीन झाडं तोडायचं. मॅडम त्याआधी वसाहतीतल्या प्रत्येक दारी गेल्या आणि अंगणात काय लावलं होतं ते सांगून आल्या. काहींनी त्यांना घरात घेतलं, काहींनी दारातूनच परत पाठवलं. धाकटे डॉक्टर बरोबर जातो म्हणाले, तेव्हा त्यांनी नको म्हटलं.

पण हे पुढचं. त्या दुपारी हॉस्पिटलाच्या लांब, फिनेलचा वास येणाऱ्या बोळात काकू मावशींच्या मागोमाग आल्या.

"तुम्हाला चहाच्या वेळीच कळलं होतं ना?"

"हो," मावशी म्हणाल्या. "तुम्हाला सांगवेना. आधीच इतकं ओझं होतं."

काकूंनी डब्याचं झाकण दाबून बसवलं, पुन्हा दाबलं.

"तेव्हाच सांगायचं होतं. परवापासून मी त्या कपड्यांसाठी रडतेय. रडायचंच होतं, तर निदान खऱ्या गोष्टीसाठी रडले असते."

काकू वळल्या आणि खोलीकडे चालू लागल्या. काकांना जेवायला उशीर झाला होता.